टाकीत बाटली ओतू की नको?

*भाऊ, मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. आरोग्याच्या कामासाठी रोज स्कूटरने पंचवीस-तीस किलोमीटर वाड्यावाड्यांतून फिरते. स्कूटर २०१६ ची आहे. पूर्वी लिटरला ४५ जायची, आता ३८ वर आली आणि चढावाला ओढत नाही. गेल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने बिलात ‘इंजेक्टर क्लीनर’ म्हणून ३५० रुपये लावले. पंपावरचा मुलगा दर वेळी १२० रुपयांची छोटी बाटली पुढे करतो. म्हणतो, ‘नवीन पेट्रोलात पाणी होतं, हे टाका.’ दीर म्हणतात, या बाटल्या इंजिन खातात. शेजारचे काका डांबरगोळी टाकायला सांगतात. मुलाची २०१३ ची पेट्रोल गाडी घरी उभी असते. तो डोंबिवलीहून मे महिन्यात आणि गणपतीला येतो तेव्हाच ती रस्त्यावर निघते. बागेतला ग्रास कटर तर दर वर्षी सुरूच होत नाही. कोणाचं ऐकू? माझे पैसे वाया जातायत की इंजिन?*

ताई, पहिल्यांदा त्या बिलाबद्दल. २०१६ साली आपल्याकडे विकल्या गेलेल्या जवळपास सगळ्या स्कूटरना कार्बोरेटर होता, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. दुचाकींमध्ये इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, सरसकट आला तो बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर, म्हणजे एप्रिल २०२० पासून. तुमच्या स्कूटरला इंजेक्टरच नसणार, तर ३५० रुपयांत साफ काय झालं, हे गॅरेजवाल्याला शांतपणे विचारा. भांडायची गरज नाही. ‘कार्बोरेटर उघडलात का?’ एवढंच विचारा. उघडला नसेल तर तुमच्या चढावाच्या तक्रारीला त्याने हातच लावलेला नाही.

मी कुडाळला बरीच वर्षं गॅरेज चालवलं. एक विक्रेता महिन्याला बाटल्यांचं खोकं ठेवून जायचा आणि विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे कमिशन द्यायचा. पंपावरचा मुलगा दर वेळी बाटली का पुढे करतो, हे त्यावरून समजून घ्या. तो मुलगा वाईट नाही. त्याला पगार थोडा आणि बाटलीमागे चार पैसे सुटतात. पण तुमच्या टाकीला काय हवं ते त्याला माहीत नसतं, त्याने ती टाकी कधी उघडून पाहिलेली नसते.

आता बाटलीत असतं काय ते सांगतो, कारण दीर म्हणतात ते सरसकट खरं नाही आणि पंपावरचा मुलगा म्हणतो तेही नाही.

गरम इंजिन बंद केलं की इंजेक्टरच्या टोकाशी किंवा झडपेच्या (व्हॉल्व्हच्या) मागे राहिलेलं पेट्रोल वाळतं. हलकं असतं ते उडून जातं, जड असतं ते चिकटून बसतं. थर दिवसेंदिवस जाड होतो. फणस कापल्यावर कोयत्याला लागलेला चीक आठवा. पाण्याने कितीही धुवा, तो निघत नाही. खोबरेल लावलं की सुटतो. चांगल्या प्रतीच्या क्लीनरमधलं रसायन हे त्या खोबरेलाचं काम करतं. त्याच्या रेणूचं एक टोक चिकाला धरतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, आणि थर थोडा थोडा सुटून जळून जातो. अशी दोन रसायनं जास्त वापरात आहेत. एक पॉलिआयसोब्युटिलीन अमाईन, जे झडपांवर चांगलं चालतं. दुसरं पॉलिइथर अमाईन, जे सिलिंडरच्या आत जमलेल्या कार्बनवरही थोडंफार काम करतं. बाटलीवर यातलं नाव नसेल, नुसतं ‘पॉवर वाढवते, ॲव्हरेज वाढवते’ एवढंच छापलेलं असेल, तर आत बहुतेक रॉकेलासारखं द्रावण असतं आणि बाकी सगळं लेबलावर असतं.

म्हणजे अस्सल क्लीनर ही थाप नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या ट्रिपल-ए या संघटनेने दोन प्रकारच्या पेट्रोलची चाचणी केली. सुमारे ६,४०० किलोमीटर चालण्याइतकं इंजिन चालवल्यावर, ज्या पेट्रोलमध्ये साफ करणारं रसायन कमी होतं त्यावर चाललेल्या इंजिनाच्या झडपांवर सरासरी १९ पट जास्त थर साचला होता. आपल्याकडे तेल कंपन्यांचं महागडं पेट्रोल मिळतं, पॉवर, स्पीड, एक्सपी-९५ वगैरे, त्यात हे रसायन आधीच मिसळलेलं असतं, मोजून. काही मोटार कंपन्या तर गाडीच्या पुस्तिकेतच लिहितात की चांगलं पेट्रोल मिळत नसेल तर ठराविक किलोमीटरने एक बाटली टाका. तुमच्या मुलाच्या गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली असेल. ती काढून इंधनाचं पान वाचा. माझ्यापेक्षा त्या पानाचं म्हणणं वरचढ धरा.

इंजिन खातात का? लेबलावरच्या प्रमाणात टाकलं तर नाही. पण बाटली बहुधा चाळीस-पन्नास लिटरच्या मोटारीच्या टाकीसाठी बनवलेली असते आणि आपल्याकडे ती अख्खी पाच लिटरच्या स्कूटरमध्ये उपडी होते. जास्तीचं रसायन पूर्ण जळत नाही. थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल खराब करतं. म्हणून कधी वापरलंच तर ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत वापरावं. टाकी संपली की ऑइल बदलून टाकावं. दिरांनी हे कुठे घडलेलं पाहिलं असेल तर त्यांची भीती निराधार नाही, फक्त दोष प्रमाणाचा आहे.

आता पैशाचा हिशेब, कारण तुम्ही पत्रात तेच कळकळीने विचारलंय. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. दोन सर्व्हिसिंगच्या मधे स्कूटर ३,००० किलोमीटर चालते असं समजा. लिटरला ३८ ने ७९ लिटर लागतं, म्हणजे सुमारे ८,३०० रुपये. ३५० रुपयांची बाटली वसूल व्हायची तर स्कूटर ३८ वरून जवळजवळ ४० वर जायला हवी आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तिथेच टिकायला हवी. घाण खरंच असेल तर हे अगदी अशक्य नाही. घाण नसेल तर काहीच होणार नाही, कारण स्वच्छ ताट पुन्हा घासून जास्त जेवण वाढत नाही. आणि पंपावरची बाटली? तुम्ही चार लिटर, म्हणजे ४२० रुपयांचं पेट्रोल भरता आणि त्यावर १२० रुपये देता. ते वसूल व्हायला स्कूटर ३८ वरून थेट ४९ वर जावी लागेल. अशी बाटली जगात कुठे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभराहून जास्त वस्तू आजवर तपासल्या आहेत. ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पडतो असं त्यांना आढळलेलं नाही. पंपावरची ती बाटली बंद करा, ताई. आजपासून.

पण त्या मुलाच्या बोलण्यात एक अर्धं सत्य आहे, आणि कोकणात राहणाऱ्याने ते नीट समजून घ्यायला हवं. ‘पेट्रोलात पाणी होतं.’

पूर्वी पेट्रोल आणि पाणी एकमेकांना विचारायचे नाहीत. टाकीत पाणी गेलं की ते तळाशी जाऊन बसायचं. आता आपल्याला मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. २०२२ मध्ये देश दहा टक्क्यांवर पोचला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे झालं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि अल्कोहोल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून जातं, इंजिनातून निघून जातं, तुम्हाला कळतही नाही. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी असं पोटात ठेवू शकतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त. त्या मर्यादेपलीकडे एक थेंब गेला की सगळं फाटतं. दूध फाटतं तसं. इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला जातं आणि वर राहतं ते इथेनॉल गेलेलं, ऑक्टेन (वेळेआधी न पेटण्याची सहनशक्ती) उतरलेलं पेट्रोल. पेट्रोलची नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनाला मिळतं पाणी मिसळलेलं अल्कोहोल, आणि गाडी नेमकी चढावात बंद पडते.

अर्धा टक्काच धरला तर पाच लिटरच्या टाकीत ते २५ मिलीलिटर. पाच छोटे चमचे. आता जुलैमधला पंप डोळ्यांसमोर आणा. धो धो पाऊस, तुम्ही सीट उघडलेली, टाकीचं झाकण काढलेलं, एका हातात छत्री आणि रेनकोटच्या बाहीतून धार लागलेली. पाच चमचे जायला किती वेळ लागतो? लोक म्हणतात कोकणातली दमट हवा पेट्रोलात पाणी करते. हवेतून ओलावा शोषला जातो हे खरं, पण झाकण घट्ट असलेल्या टाकीत ते फार सावकाश होतं. घात करतं ते असं थेट गेलेलं पाणी. मोटरसायकलवाल्यांचं तर आणखी एक ठिकाण आहे. टाकीच्या झाकणाभोवती पडलेलं पाणी निघून जायला बारीक भोक असतं. आपली लाल माती त्यात बसते, भोक बुजतं, झाकणाच्या खळग्यात पाणी साचतं आणि रात्रभर आत झिरपतं. सायकलच्या तारेने ते भोक मोकळं करायला पैसा लागत नाही.

माझ्याकडे एका जुलैत एक गाडी ढकलत आणली होती. गिऱ्हाईक म्हणाला, ‘भाऊ, तीन बाटले ओतलंय, तरी ओढणा नाय.’ मी तळातून पेट्रोल काढून काचेच्या बरणीत घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. दहा मिनिटांत बरणीत दोन थर दिसायला लागले, मधे रेघ मारल्यासारखे. त्याच्या तीन बाटल्या कोणत्या थरात गेल्या देव जाणे. कारण असं आहे: ‘पाणी काढणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुतेक अल्कोहोलच असतं. साध्या पेट्रोलच्या जमान्यात त्याचा उपयोग होता. पण ई-२० च्या पाच लिटरमध्ये आधीच एक लिटर अल्कोहोल आहे. त्यात पन्नास मिली आणखी टाकून काय होणार? एकदा फाटलेलं पेट्रोल परत जोडणारी बाटली नाही. टाकी रिकामी करायची, तळ सुकवायचा, ताजं पेट्रोल भरायचं, एवढाच उपाय. काढलेलं पेट्रोल गॅरेजमध्ये द्या. विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, आपली जांभ्याची जमीन ते सरळ खाली नेते.

पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही पावसाचं पाणी जाऊ शकतं. संशय आला तर मागायचे हक्क तुमचे आहेत. फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहायची चाचणी पंपाने फुकट करून द्यायची असते. स्वच्छ पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतो. मात्र ही चाचणी भेसळ ओळखायला, पाण्याला नव्हे. पाण्यासाठी टाकीच्या पट्टीला लावायची पेस्ट असते, ती लावून दाखवा म्हणा. घनता मोजून दाखवा म्हणा. पेट्रोल कमी दिल्यासारखं वाटलं तर पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापात ओतून दाखवा म्हणा. मागताना संकोच वाटतो, मागे रांग असते, हे मला माहीत आहे. तरी मागा.

आता तुमचा ४५ चा ३८ झालेला हिशेब. यातलं थोडं ई-२० च्या खात्यावर जातं, ते लपवण्यात अर्थ नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी आणि चारचाकींचं सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. चार टक्के धरले तरी ४५ चे ४३ होतील. ३८ नाही. उरलेले पाच किलोमीटर स्कूटरमध्येच कुठेतरी अडकलेत, आणि ते कोणत्याही बाटलीत नाहीत.

शोधायचं कुठे ते सांगतो. सगळ्यात आधी एअर फिल्टर. चिऱ्याच्या डंपरमागून रोज जाणाऱ्या स्कूटरचा फिल्टर सहा महिन्यांत विटेसारखा लाल होतो. पावसात तीच धूळ भिजून लेप बसतो. इंजिनाला श्वास मिळत नाही, मग चढावाला ओढणार कशी? कागदी फिल्टर झटकून परत लावू नका, बदला. मग टायरची हवा. मग मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवून बघा. खारी हवा आणि ओल यांनी ब्रेकचे पट्टे ड्रमला धरून बसतात, चाक अडखळत फिरतं आणि पेट्रोल ब्रेक ओढण्यात जातं. मग स्पार्क प्लग. एवढं झालं की कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करायला सांगा, समोर बसून. वाळून घट्ट झालेला थर कार्बोरेटरमध्ये असेल तर तो उघडूनच निघतो. बाटलीची वाट पाहत बसू नका. त्याच वेळी पेट्रोलचा रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले रबरी वॉशर बघून घ्या. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग ई-२० वर लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं होतं. पाइप बोटांनी दाबा. फुगलेला, गुळगुळीत किंवा चिरा पडलेला असेल तर लगेच बदला. हे तुमच्या सुरक्षेचं आहे, कारण गळतं पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. ‘ई-२० पासून संरक्षण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या रबर वाचवत नाहीत. फार तर धातूला गंज लागणं थोडं कमी करतात. इथेनॉल तर टाकीत तेवढंच राहतं.

ॲव्हरेज मोजताना काट्यावर विसंबू नका. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तसंच भरा. तीन टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीचा आकडा तुम्हाला वरही फसवेल, खालीही.

शेजारच्या काकांना नमस्कार सांगा आणि डांबरगोळी कपाटातच राहू द्या. जुन्या लोकांना ती नेप्थलीनची माहीत आहे. ती पेट्रोलमध्ये विरघळते, पण पेट्रोल उडालं की तिचे खडे परत जमतात, आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात जमले की गाडी बंद. त्यातून आजकालच्या बऱ्याच गोळ्या नेप्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. त्यात क्लोरीन असतो. जळल्यावर त्याचं आम्ल होतं, आणि ते इंजिनाच्या धातूला खातं. दिरांचं ‘इंजिन खातात’ हे वाक्य इथे मात्र शब्दशः लागू पडतं. रॉकेल, कापूर, चार-स्ट्रोकच्या टाकीत टू-टी ऑइल, यातलं काहीही नको.

मुलगा कधी ऑक्टेन बूस्टर घेऊन आला तर त्यालाही सांगा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल वेळेआधी स्वतःहून पेटू नये, इंजिन टकटकू नये, यासाठीची ती सहनशक्ती आहे. ई-२० चं प्रमाणित ऑक्टेन ९५ आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. २०१३ च्या छोट्या गाडीला एवढं पुरून उरतं. काही बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात. त्यांची लालसर राख प्लगवर बसते आणि सायलेन्सरमधलं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते. पेट्रोलात धातू मिसळायचा अनुभव आपण एकदा घेतलाय. १९२१ मध्ये शिशाच्या एका संयुगाने टकटक थांबते हे सापडलं, इंजिनं टकटकायची थांबली, सगळं जग खूश झालं. ते शिसं धुरातून पोरांच्या रक्तात जात होतं. आपल्या देशात ते २००० साली बंद झालं.

आता उभ्या गाडीबद्दल, आणि इथे मी एका बाटलीच्या बाजूने बोलणार आहे. तुमच्या मुलाची गाडी मे महिन्यानंतर गणपतीपर्यंत, मग पुढच्या मे महिन्यापर्यंत उभी राहते. पेट्रोल असंच पडून राहिलं तर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा हळूहळू डिंक होतो. इंधन टिकवणाऱ्या बाटल्या, ज्यांच्यावर ‘स्टॅबिलायझर’ लिहिलेलं असतं, त्या हे होणं लांबवतात. पण त्या ताज्या पेट्रोलमध्येच घालायच्या. आंबलेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही, जसं कैरीचं लोणचं बुरशी आल्यावर मीठ घालून वाचत नाही. मुलगा मेमध्ये परत जायच्या आदल्या दिवशी टाकी ताज्या पेट्रोलने भरून घ्या. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणजे आत ओलावा धरायला जागा कमी. तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर लेबलाप्रमाणे घाला आणि मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचेल. त्याहून चांगला उपाय म्हणजे गावातल्या कुणा विश्वासू, लायसन्स असलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवायला सांगणं. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं उलट वाईट, कारण सायलेन्सर तापत नाही आणि आत पाणी साचतं.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, पट्टे चिकटतात. गियरमध्ये ठेवून चाकामागे चिरा लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ताडपत्री गाडीला चिकटून बांधू नका, खालून हवा खेळू द्या. आणि उंदीर. गणपतीत सुरू न होणाऱ्या किती गाड्यांच्या वायरी आणि पेट्रोल पाइप उंदरांनी कुरतडलेले मी पाहिलेत, त्याची मोजदाद नाही. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चच्या प्रकाशात बघा.

मुलाने पुढे नवी टर्बो गाडी घेतली तर एक लक्षात ठेवायला सांगा. काही नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, झडपेवरून जातच नाही. तिथे टाकीतली बाटली झडपा धुऊ शकत नाही, इंजेक्टरपुरतीच चालते.

२०१३ च्या गाडीत सुरू होताना अडखळणं, उभ्या गाडीत इंजिन थरथरणं असेल, आणि प्लग, फिल्टर, बॅटरी ठीक निघाली असेल, तर पॉलिइथर अमाईनवाली एक बाटली एकदा टाकून पाहायला माझी हरकत नाही. ती टाकी लांबच्या रस्त्यावर संपवा, अंगण ते बाजार यात नाही. नाहीतर महागड्या पेट्रोलच्या दोन-तीन टाक्या भरा. काम तेच होतं आणि मिसळायचं प्रमाण कंपनीने धरलेलं असतं. फरक पडला नाही तर दुसरी बाटली आणू नका, इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या.

या बाटल्या घरात ठेवत असाल तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. रंगीत असतात, सरबतासारख्या दिसतात. कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. तेल फुफ्फुसात गेलं की जीवावर बेततं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. तुम्ही आरोग्याच्या कामात आहात, हे वाडीवाडीत सांगा. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणाऱ्यांनाही सांगा.

राहिला ग्रास कटर. त्याचं दुखणं सगळ्यात सोपं आहे आणि तुमच्या पत्रातच त्याचं कारण आहे. गवत कापून झालं की टाकीत उरलेलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल तसंच राहतं, आणि कटर पुढच्या पावसापर्यंत खोपीत टांगलेला. एवढ्याशा टाकीतलं पेट्रोल आठ-दहा महिन्यांत उडतं, मागे ऑइल आणि डिंक उरतो, आणि कार्बोरेटरचा पातळ रबरी पडदा कडक होतो. आत्ता तो पडदा आणि टाकीतला छोटा फिल्टर बदलून घ्या. यापुढे हंगाम संपला की त्याच संध्याकाळी टाकी ओतून रिकामी करा, चूल आणि दिव्यापासून लांब, उघड्यावर. मग इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. पुढच्या सप्टेंबरात लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणा आणि त्यात त्याच दिवशी ऑइल मिसळा. मग दोरी ओढा.